एम२ चे टायर: सुक्या पकडीआधी पाण्यातली पकड बघा

बीएमडब्ल्यू एम२ ची जी८७ ही पिढी भारतात २०२३ मध्ये आली तेव्हा तिची ताकद ४६० अश्वशक्ती होती. २०२४ अखेरच्या सुधारित गाडीत ती ४८० झाली आणि ऑटोमॅटिकचा टॉर्क ५५० वरून ६०० न्यूटन मीटरवर गेला. वजन सतराशे किलोच्या आसपास, आणि हा सगळा जोर फक्त मागच्या दोन चाकांवर. साहजिकच मागचे टायर पुढच्यांच्या बरेच आधी संपतात. पहिला संच उतरवायची वेळ आली की मालक परदेशी चाचण्यांचे तक्ते उघडून बसतो आणि तिथेच फसतो.

त्या तक्त्यांत सुक्या ट्रॅकवरच्या फेरीच्या वेळेला मोठा भाव असतो. आपल्याकडे ही गाडी चालते ती पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर, खंडाळ्याच्या उतारावर, ताम्हिणी किंवा चोर्ल्याच्या घाटात, आणि वर्षातले चार महिने पाण्यात. सुक्या रस्त्यावर या वर्गातला कुठलाही चांगला टायर एम२ ला धरून ठेवतो. त्यांच्यातला फरक रस्त्यावरच्या वेगात जाणवतही नाही. पाणी साचलेल्या वळणावर मात्र तोच फरक गाडी रस्त्यावर ठेवतो किंवा कठड्याला लावतो. म्हणून इथे टायर पारखायचा क्रम वेगळा लावला आहे: आधी साइझ, मग पाणी, मग साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) आणि झीज, आणि सगळ्यात शेवटी सुकी पकड.

साइझचं गणित

एम२ ला पुढे २७५/३५ झेडआर १९ आणि मागे २८५/३० झेडआर २० असे टायर येतात. पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा (प्रोफाइल) त्या रुंदीच्या टक्क्यांत साइडवॉलची उंची, शेवटचा इंचांत रिमचा व्यास. पुढची रिम साडेनऊ इंच रुंद, मागची साडेदहा. आकडेमोड केली तर पुढच्या टायरचा व्यास ६७५ मिलिमीटर येतो आणि मागच्याचा ६७९. इंचांत फरक असला तरी व्यास जवळजवळ सारखाच राहतो, आणि एबीएस व स्थिरता नियंत्रण त्याच गुणोत्तरावर बसवलेलं असतं.

मागची साइझ चटकन मिळत नाही. मग दुकानदार ‘जवळची’ साइझ सुचवतो आणि गडबड तिथे सुरू होते. २८५/३५ आर २० हा टायर रुंदीला अगदी तोच, पण त्याचा व्यास ७०७ मिलिमीटर होतो, म्हणजे चार टक्क्यांनी जास्त. मागची चाकं पुढच्यांपेक्षा सतत हळू फिरतायत असं संगणकाला दिसतं. ट्रॅक्शन कंट्रोल नको तिथे मध्ये पडतं किंवा हवं तिथे उशिरा येतं, शिवाय चाकावरच्या कमानीला, म्हणजे आर्चला, घासायची भीती वेगळीच. २७५/३० आर २० घातला तर व्यास ६७३ वर येतो, पुढच्याहूनही कमी, आणि भार निर्देशांक ९९ वरून साधारण ९७ वर घसरतो. ९९ म्हणजे एका टायरला ७७५ किलो, ९७ म्हणजे ७३०. मागच्या सीटवर माणसं आणि डिकीत सामान असताना ही कपात परवडणारी नाही. खरोखर अडलंच तर २९५/३० आर २० चा विचार करता येतो. व्यास ६८५, म्हणजे एक टक्क्याच्या आत वाढ, भार क्षमता जास्त, आणि साडेदहा इंची रिमवर तो नीट बसतो. तरीही विकत घेण्याआधी आतल्या बाजूला सस्पेन्शनपासून आणि बाहेर आर्चपासून किती जागा उरते ते मोजून घ्यावं.

वेगाचं अक्षर ‘वाय’ असू द्या. वाय म्हणजे ३०० किलोमीटर, डब्ल्यू म्हणजे २७०, व्ही म्हणजे २४०. आपल्याकडे वेगमर्यादा १०० किंवा १२० असताना एवढं कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर वेगात कमी आणि उष्णतेत जास्त आहे. वरच्या वेगाचा टायर आतल्या पट्ट्यांच्या बांधणीत उष्णता सोसायला केलेला असतो. मे महिन्यात विदर्भात हवेचं तापमान ४५ अंशांवर जातं, रस्ता त्याहून कितीतरी तापतो, आणि समृद्धी महामार्गावर तासन्‌तास १२० चा वेग धरून जाता येतं. ती उष्णतेची शिल्लक अशा दिवशी कामाला येते. ‘एक्सएल’, म्हणजे जादा भाराचा, हे शिक्क्यातलं अक्षरही सोडू नये. साधा टायर २.५ बारला जो पूर्ण भार पेलतो, त्याहून जास्त भार एक्सएल टायर २.९ बारला पेलतो, आणि एम२ चे भार निर्देशांक एक्सएल धरूनच दिलेले आहेत.

साइडवॉलवरचा छोटा तारा म्हणजे बीएमडब्ल्यूसाठी जुळवलेली आवृत्ती. पोर्शेला एन० किंवा एन१ असतं, मर्सिडीजला एमओ, ऑडीला एओ. नाव तेच असलं तरी आतलं रबर आणि बांधणी थोडी वेगळी असते. तारा असलेला मिळाला तर उत्तम. न मिळाला तर तारा नसलेला घ्यायला हरकत नाही, फक्त चारही एकाच प्रकारचे हवेत. पुढे तारांकित आणि मागे साधा असं मिश्रण करू नका. एम२ ला रनफ्लॅट (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे) टायर येत नाहीत आणि स्टेपनीही नसते, डिकीत फक्त सीलंट आणि पंप असतो. काही दुकानं ‘स्टेपनी नाही ना, मग रनफ्लॅट घाला’ असं सुचवतात. त्यांचा जाड, ताठ साइडवॉल या सस्पेन्शनला मानवत नाही, पकडही कमी होते. त्या फंदात पडू नये.

कोणता टायर कसा

मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ एस. २०१७ पासून बाजारात आहे आणि अजूनही या वर्गाची फूटपट्टी तोच आहे. नक्षीच्या बाहेरच्या कडेला सुक्या रस्त्याचं रबर, आतल्या भागात ओल्यासाठी सिलिका असलेलं वेगळं रबर. पट्ट्यावर अरामिड आणि नायलॉनचं मिश्र आवरण असतं, त्यामुळे वेगात टायर मध्यभागी फुगत नाही आणि रस्त्यावरचा ठसा सपाट राहतो. याचा खरा गुण म्हणजे पकड सुटताना तो सांगून सोडतो. घाटात मागचं टोक सरकू लागलं तर ते हळूहळू सरकतं, स्टिअरिंग आणि सीटमधून आधी कळतं. साडेचारशे घोड्यांच्या मागच्या चाकांच्या गाडीला याहून मोठी सोय नाही. अमेरिकी झीज क्रमांक (जास्त असेल तितका टिकाऊ) ३००, या गटात चांगला. उणं काढायचं तर स्टिअरिंगचा पहिला प्रतिसाद काहींना किंचित मऊ वाटतो, आणि नक्षी निम्म्याच्या खाली गेली की काँक्रीटवर आवाज वाढतो.

इथे नावांचा गोंधळ समजून घेतला पाहिजे, कारण दुकानात तो हमखास होतो. पायलट स्पोर्ट ४ आणि पायलट स्पोर्ट ४ एस हे दोन वेगळे टायर आहेत. २०२२ चा पायलट स्पोर्ट ५ हा ‘४’ चा वारस, ‘४ एस’ चा नाही. ‘४ एस’ च्या जागी आणलेल्याचं नाव पायलट स्पोर्ट एस ५, आणि तो मुख्यतः ठराविक गाड्यांसाठी कारखान्यातून येतो. ‘पाच नवा आहे, म्हणजे चारपेक्षा चांगला’ हा दुकानातला हिशेब एम२ ला लागू नाही. ५ हा वाईट टायर मुळीच नाही. ओल्यात चांगला, टिकाऊ, पण एवढ्या टॉर्कखाली त्याची नक्षी ४ एस इतकी घट्ट राहत नाही.

कॉन्टिनेन्टल स्पोर्टकॉन्टॅक्ट ७, सन २०२१ चा. पाण्यातल्या ब्रेकिंगसाठी आणि पाण्यातल्या वळणासाठी आमची पहिली पसंती हाच. महाबळेश्वर, लोणावळा, कोकण अशी ज्याची पावसाळ्यातली ये-जा ठरलेली आहे त्याने ४ एस च्या आधी याचा भाव विचारावा. सुक्यातही तो कुठे मागे नाही. झिजतो मात्र लवकर, विशेषतः मागे, विशेषतः स्पोर्ट प्लस मोडमध्ये सिग्नलवरून सुटायची सवय असेल तर. इथे दुसरी अडचण मालाची. दोन्ही साइझा एकाच वेळी, एकाच वर्षाच्या मिळणं कठीण जातं, आणि पुढचे आज, मागचे दोन महिन्यांनी असं करून भागत नाही.

ब्रिजस्टोन पोटेन्झा स्पोर्ट हाही २०२१ चाच. साइडवॉल ताठ, स्टिअरिंग हलवताच नाक वळतं. ज्याला गाडी कंपास लावल्यासारखी वळायला हवी त्याला हा आवडेल. या ताठपणाची किंमत खड्ड्यांवर मोजावी लागते. आणि सुटताना तो ४ एस इतकी आगाऊ सूचना देत नाही. चांगल्या चालकाच्या हातात अप्रतिम. ज्याची ही पहिलीच मागच्या चाकांची ताकदवान गाडी आहे त्याच्यासाठी आम्ही सुचवणार नाही.

पिरेली पी झीरो बद्दल एकच गोष्ट नीट लक्षात ठेवायची: पी झीरो हे एका टायरचं नाव नाही, कुटुंबाचं आहे. साइडवॉलवर पीझेड४ आहे का, पुढे कोणाचं चिन्ह आहे, हे बघितल्याशिवाय त्याच्याबद्दल काही बोलण्यात अर्थ नाही. आरामात आणि आवाजात तारांकित पीझेड४ सरस वाटतो. पीझेड४ चा झीज क्रमांक २२०, त्यामुळे मिशेलिनच्या आधी बदलावा लागणार हे धरून चालावं.

मिशेलिन पायलट स्पोर्ट कप २ हा वेगळ्याच जातीचा. ट्रॅकचा टायर, रस्त्यावर चालवायची परवानगी असलेला. नवा असतानाच नक्षीची खोली ४ एस पेक्षा कमी, खाचा मोजक्या. गरम झाला की पकड अफाट. गार असताना, पहिल्या चार-पाच किलोमीटरमध्ये, तो ४ एस पेक्षा वाईट वागू शकतो, आणि साचलेल्या पाण्यात तर तो धोकादायकच आहे. पाणी बाहेर टाकायला जागाच नसते. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला, कोइम्बतूरच्या कारीला किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला जाणाऱ्यांना तो हवासा वाटतो हे बरोबर आहे. त्यांनी कप २ दुसऱ्या रिमांवर चढवून ट्रकने पाठवावेत आणि स्वतः ४ एस वर गाडी चालवत जावं. पुण्याहून चेन्नईपर्यंत कप २ वर पावसात जाणं म्हणजे हौसेचा अतिरेक.

भारतीय नावांचं काय, हेही विचारलं जातं. अपोलोने २००९ मध्ये डच व्रेडस्टाइन विकत घेतली आणि २०२१ मध्ये ते नाव भारतात आणलं. सिएटनेही २०२५ मध्ये स्पोर्टड्राइव्ह मालिकेत २१ इंचांपर्यंतचे झेडआर टायर काढले. साइझ तंतोतंत जुळत असेल आणि गाडी रोज ऑफिसला जात असेल तर नाक मुरडायचं कारण नाही. घाटात जोरात चालवायची असेल तर आज तरी ४ एस, स्पोर्टकॉन्टॅक्ट ७ आणि पोटेन्झा स्पोर्ट या तिघांपैकी एक.

थोडक्यात निवड अशी: बहुतेकांना पायलट स्पोर्ट ४ एस, पावसाळी घाटांत जास्त फिरणाऱ्याला स्पोर्टकॉन्टॅक्ट ७, मालाची तारीख बरी मिळाली तर, तीक्ष्ण स्टिअरिंगच्या शौकिनाला पोटेन्झा स्पोर्ट.

लेबलवरचे आकडे किती खरे मानायचे

अमेरिकी झीज क्रमांकाची चाचणी टेक्सासमध्ये साधारण ११,६०० किलोमीटरच्या ठराविक मार्गावर होते आणि क्रमांक उत्पादक स्वतःच जाहीर करतो. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना करायला तो उपयोगी. एका कंपनीचा ३०० आणि दुसरीचा ३०० सारखेच टिकतील असं नाही. त्याच अमेरिकी शिक्क्यातला ‘ट्रॅक्शन एए’ हा सरळ रेषेतल्या ओल्या ब्रेकिंगचा दर्जा आहे, वळणावरचा नाही. ‘टेम्परेचर ए’ हा चाचणीच्या चाकावरचा उष्णतेचा दर्जा, आणि या वर्गात तो सगळ्यांनाच असतो.

युरोपीय लेबलवरचं पावसाचं अक्षर जास्त कामाचं. एका पायरीचा फरक म्हणजे ८० किलोमीटर वेगावरून थांबताना साधारण ३ ते ६ मीटर. पण ही चाचणी पातळ पाण्याच्या थरावर होते. टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा प्रकार त्यात मोजलाच जात नाही, आणि आपल्या पावसात नेमका तोच प्रकार घडतो. २८५ मिलिमीटर रुंद टायरला दर सेकंदाला बाजूला सारायचं पाणी १९५ वाल्या हॅचबॅकपेक्षा बरंच जास्त असतं. ‘एवढे रुंद टायर, मग पकड भारीच’ हे सुक्यात खरं. पाण्यात रुंदी उलटते. तिथे तारते ती नक्षीची खोली आणि कमी वेग.

म्हणून कायद्याची १.६ मिलिमीटरची मर्यादा एम२ साठी निरुपयोगी आहे. नवा ४ एस साधारण साडेसात मिलिमीटरचा असतो. मागचे टायर मेअखेर ३ मिलिमीटरवर आले असतील तर पावसाआधी बदलावेत. चार मिलिमीटर असतील तर एक पावसाळा निघेल, पण द्रुतगती मार्गावरच्या पाण्यात वेग ८० च्या खाली ठेवून. खोली मोजायला खोलीमापक घ्या, नाणं नको, आणि टायरच्या आत, मध्ये, बाहेर अशा तिन्ही जागी मोजा. एम२ चा मागचा टायर बाहेरून छान दिसत असतो आणि आतली कड तारेपर्यंत गेलेली असते. चाक आत कललेलं असतं म्हणून ती कड थोडी जास्त झिजणारच. त्यात टो (वरून बघताना चाक आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन) बिघडला की टायर पुढे जाता जाता थोडा आडवाही घासला जातो आणि ती कड काही हजार किलोमीटरमध्ये संपते. दोष कलाला दिला जातो, खाणारा असतो टो.

आयात, शिक्का आणि तारीख

१२ जून २०२० ला केंद्र सरकारने गाड्यांच्या नव्या टायरांची आयात ‘मुक्त’ वरून ‘नियंत्रित’ गटात टाकली. त्यामुळे परवान्याशिवाय टायर आणता येत नाहीत. त्याआधीपासून प्रवासी गाड्यांच्या टायरांना आयएस १५६३३ प्रमाणे आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. या दोन चाळण्यांतून जेवढ्या साइझा येतात तेवढ्याच अधिकृत दुकानात दिसतात. एम२ ची मागची साइझ कधी लगेच मिळते, कधी महिने लागतात. मग ‘बाहेरून आलेला’ माल स्वस्तात दाखवला जातो. साइडवॉलवर आयएसआय शिक्का नसेल तर सोडून द्या: वॉरंटी नाही, आणि टायर कुठल्या गोदामात किती उन्हाळे पडून होता याचा पत्ता नाही.

तारीख साइडवॉलवरच्या डॉट (डीओटी) क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांत असते. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. पूर्ण क्रमांक बहुधा एकाच बाजूला असतो, म्हणून टायर रिमवर चढायच्या आधी दोन्ही बाजू बघा. या टायरांच्या कमी खपाच्या साइझा पडून राहतात. वर्षभर जुना, सावलीत ठेवलेला टायर घ्यायला हरकत नाही. दोन वर्षांपुढचा घेऊ नका, भरघोस सूट दिली तरी. मऊ रबरातलं तेल आणि रेझिन काळाने उडतं, टायर कडक होतो, आणि ओल्यातली पकड आधी जाते. नक्षी पूर्ण असूनही. वापरातल्या टायरला पाच वर्षं झाली की दरवर्षी आतून-बाहेरून तपासून घ्यावा. वर्षाला चार हजार किलोमीटर चालणाऱ्या हौशी गाड्यांत टायर झिजून कमी आणि म्हातारे होऊनच जास्त जातात.

जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरांवर २८ ऐवजी १८ टक्के झाला. कोटेशनवर जुना दर चिकटलेला नाही ना, हे बघून घ्या. चार टायरांचा खर्च लाखाच्या बराच पुढे जातो, तिथे दहा टक्के लहान रक्कम नाही.

चढवताना काय बघायचं

दुकान निवडताना नाव बघू नका, यंत्र बघा. ३० च्या प्रोफाइलचा वीस इंची टायर जुन्या लोखंडी पट्टीने काढायला गेलात तर रिमची कड आणि टायरची बीड (रिमला धरून बसणारी तारेची कड) दोन्ही जातात. पट्टीशिवायचं, मदतनीस हाताचं यंत्र हवं. दाबसेन्सर व्हॉल्व्हला जोडलेला असतो, म्हणून बीड रिमवरून सोडवायची ती व्हॉल्व्हपासून लांबच्या बाजूने. बीडला टायरची पेस्ट लावावी. साबणाच्या पाण्यावर भागवणारे भेटतात, डिझेल लावणारेही भेटतात, तिथून उठून जावं. बीड बसवताना ४० पीएसआयच्या वर हवा मारू नये. तेवढ्यात बसली नाही तर हवा सोडून पुन्हा पेस्ट लावायची. नुसती हवा वाढवत राहिलं की बीडची तार तुटू शकते, आणि ते बाहेरून दिसत नाही. सेन्सरचं सील आणि व्हॉल्व्हचा गाभा नवा घ्या.

या टायरांची नक्षी आत-बाहेर वेगळी असते. साइडवॉलवर ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर आली पाहिजे, चारही चाकांवर. उलटा बसवलेला टायर दिसायला ठीक दिसतो आणि पाण्यात फसवतो. लाल ठिपका असेल तर तो टायरचा उंच भाग, पिवळा ठिपका हलका भाग. पिवळा साधारणपणे व्हॉल्व्हजवळ ठेवतात. बॅलन्सिंगला एका चाकावर साठ-सत्तर ग्रॅमपेक्षा जास्त वजन लागत असेल तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बघायला सांगा. वजनं रिमच्या आतल्या बाजूला चिकटवायची, जागा पुसून. धूळ तशीच ठेवून चिकटवलेलं वजन पहिल्याच पावसात पडतं आणि मग स्टिअरिंग शंभरच्या पुढे थरथरतं.

गाडी उचलताना जॅक सिलच्या (दाराखालच्या पट्टीच्या) ठरलेल्या रबरी ठोकळ्याखालीच, आणि वर रबरी गादी. बोल्ट हवेच्या बंदुकीने फक्त सैल करायचे. शेवटचा कस टॉर्क पान्ह्याने, १४० न्यूटन मीटर, ताऱ्याच्या क्रमाने (एक सोडून समोरचा), आणि साधारण शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासायचा. बोल्ट असल्यामुळे चाक धरून ठेवणारा स्टड नसतो, म्हणून मार्गदर्शक पिन वापरली तर रिम कॅलिपरवर आपटत नाही.

अलाइनमेंट टायर बदलल्यानंतर, पुढची-मागची दोन्ही, आणि आधीचे-नंतरचे आकडे छापून घेऊन. यंत्रात एम२ चीच माहिती हवी. साध्या २ सीरिजची लावून ‘हिरवं आलं’ म्हणणारे आहेत. शेवटी गाडीच्या मेनूतून टायर बदलल्याची नोंद करा, नाहीतर दाबाचा इशारा जुन्या टायरांच्या हिशेबाने येत राहतो.

पहिले तीनशे किलोमीटर नव्या टायरांवर हळू. साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या पदार्थाचा थर वर असतो. स्थिरता नियंत्रण बंद करून तेव्हाच मजा घ्यायला जाणारे पहिल्या दिवशी भिंत गाठतात.

हवा, खड्डे, पंक्चर

दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, गार टायरला. दहा अंशांनी तापमान वाढलं की साधारण दीड पीएसआय वाढतो. महाबळेश्वरच्या थंड सकाळी भरलेली हवा दुपारी साताऱ्यात जास्त दिसणं स्वाभाविक आहे. द्रुतगती मार्गावर तासभर चालून पंपावर थांबलात तर चार-पाच पीएसआय वर दिसतील. ते सोडू नका. सोडलेत की टायर गार झाल्यावर हवा कमी पडते, ८५ मिलिमीटरचा साइडवॉल जास्त वाकतो, तापतो, आणि पुढच्या खड्ड्यात रिमशी चिरडतो. पंपावरचा मापक दोन-तीन पीएसआयने चुकतो, म्हणून स्वतःचा डिजिटल मापक ठेवावा. नायट्रोजनचा फायदा त्याच्या कोरडेपणापुरता. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर घ्या.

खड्ड्यातून गेल्यावर साइडवॉलला फुगा आला तर टायर संपला. खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यात आतले दोरे चिरडून तुटतात, आणि हवा ती जागा बाहेर ढकलते. गरम पॅच लावून देणारे प्रत्येक नाक्यावर आहेत. एवढ्या ताकदीच्या गाडीला तो पॅच लावू नका. नक्षीच्या मधल्या भागातलं ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक आतून मशरूम पॅचने काढता येतं, बाहेरून ओढलेल्या दोरीने नाही. सीलंट वापरलं असेल तर दुकानात आधी सांगा. आतून साफ केल्याशिवाय पॅच धरत नाही आणि सेन्सरही चिकटून बसतो.

मागचा एकच टायर गेला आणि दुसरा निम्मा झिजलेला असेल तर जोडी घ्यावी लागते. मागच्या एक्सलवरचं इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारी यंत्रणा) दोन्ही चाकांच्या वेगातला फरक मोजून काम करतं, आणि दोन-तीन मिलिमीटरच्या व्यासाच्या फरकामुळे ते सरळ रस्त्यावरही उगाच झटत राहतं. पुढचे-मागचे वेगळ्या साइझचे असल्यामुळे अदलाबदल फक्त डावीकडून उजवीकडे करता येते, आणि त्यासाठी टायर रिमवरून उतरवावा लागत नाही.

विमा नूतनीकरणाच्या वेळी एक ओळ वाचा. नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत नुसत्या टायरचं नुकसान धरलं जात नाही. अपघातात गाडीचंही नुकसान झालं तरच टायरच्या किमतीच्या निम्मे मिळतात. टायरचं वेगळं कलम जोडून घेतलं असेल तर बिलावर चारही टायरांचे डॉट क्रमांक आणि चाकाची जागा लिहून घ्या. दावा करताना सर्वेक्षक त्याच क्रमांकांशी पडताळून बघतो.